तुम्ही विचारलंत म्हणून: रुमालच का?

प्रश्न बहुतेक वेळा शिवणाचा वर्ग संपल्यावर येतो, सुया मोजून डबीत ठेवायच्या वेळी. बाकीच्या गेलेल्या असतात. "एकाला काहीतरी द्यायचंय. हाताने केलेलं. फार मोठं नको." मग जरा थांबून, "म्हणजे आता आमचं तसं काही नाहीये. पण चांगलं होतं. तो चाललाय." तीन महिने, चार महिने, एखादा पावसाळा, एवढंच चाललेलं असतं. भांडण झालेलं नसतं, निदान सांगण्यासारखं तरी नाही. काय देऊ?

मी म्हणते, रुमाल.

चेहरा पडतो. आणि मग ठरलेला दुसरा प्रश्न: "पण रुमाल देऊ नये म्हणतात ना?"

हे दोन्ही प्रश्न मी इतक्यांदा ऐकलेत की आता एकदाच लिहून ठेवते. पुढच्या वेळी कागदच हातात देईन.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. हो, म्हणतात. मीठ हातावर दिलं की भांडण, सुरी-कात्री भेट दिली की नातं तुटतं, रुमाल दिला की ताटातूट. त्याच घरांत त्यावरचा तोडगाही माहीत असतो. घेणाऱ्याने उलट एक रुपया द्यायचा, म्हणजे ती भेट राहत नाही, खरेदी होते. माझं ठरलेलं उत्तर असायचं, "ताटातूट झालीच आहे की, आता रुमाल काय वेगळं करणार?" लोक हसायचे. हल्ली हे उत्तर कमी देते. एकदा समोरची हसली नाही, नुसती सुया मोजत राहिली.

आता पहिल्याचं. तुमच्या मनात काय असतं ते मला ठाऊक आहे. मफलर. मफलर ८ इंच रुंद आणि ६० इंच लांब धरला तर नवशिक्या हाताला महिना लागतो, आणि जो चाललाय तो पुढच्या शनिवारी चाललाय. समजा झालाच पुरा, तर मग समोरच्याच्या हातात एका महिन्याचं ओझं पडतं. चार महिन्यांच्या ओळखीवर एक महिन्याची वीण. तो घेतो, "अगं, एवढं कशाला" म्हणतो, आणि ते तो मनापासून म्हणत असतो. चिठ्ठ्यांची बरणी? शंभर चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक आठवण. ती फेकता येत नाही आणि समोर ठेवता येत नाही. फ्रेम केलेलं चित्र असेल तर भिंत लागते, आणि त्या भिंतीसमोर उद्या दुसरं कुणीतरी उभं राहून "हे कुणी दिलं?" विचारणार असतं.

रुमाल वापरला जातो, धुतला जातो, एखाद दिवशी रिक्षात राहतो. हरवला तर कुणी अपराधी होत नाही, कारण रुमाल हरवतातच. मला त्यातलं हेच आवडतं. थोडक्यात संपलेल्या गोष्टीची खूण अशी असावी की घेणाऱ्याला ती हरवायची मुभा असेल.

शिवाय हाताने केलेली वस्तू काय आहे हे पाहणाऱ्याला पटकन कळावं लागतं. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाला गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची, मधोमध 'जय हिंद' असलेली जाळीची विणकाम केलेली वस्तू पाठवली, आणि तिच्या आजीला, राणी मेरीला, तो पंचाच वाटला, असं सांगतात. रुमालाच्या बाबतीत तो धोका नाही.

"मग दुकानातून आणते. तीनचा बॉक्स मिळतो." आणा. काही वाईट नाही. पण दुकानातला रुमाल उघडा आणि कड बघा. दोनदा दुमडून मशीनची टीप मारलेली असते, चपटी, कोपऱ्यावर जाड. हाताने वळलेली कड गोल असते, समईच्या लांब वातीसारखी, आणि त्यात टाका दिसत नाही. मधलं कापड दोन्हीकडे सारखंच. सगळं काम त्या कडेत आहे. म्हणून पुढे जे सांगते ते बहुतेक कडेबद्दलच आहे.

कापड मलमल घ्या, शंभर टक्के सुती. ब्लाउजसाठी आणलेलं टू बाय टू उरलंय म्हणून ते वापरू नका. त्यात बरेचदा पॉलिएस्टरची भेसळ असते, आणि पॉलिएस्टर वळत नाही. बोटातून सोडलं की परत उलगडतं. मांजरपाट सरावालाही नको, फार जाड. ओळखायचं कसं? कडेचा एक धागा काढून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. दुकानदाराला विचारून "प्युअर आहे" एवढंच ऐकायला मिळतं.

४४ इंची पन्ह्याची अर्धा मीटर पुरे. त्यात १४ इंचाचे तीन चौकोन बसतात, उरलेले दोन इंच किनारीला जातात. तीन का, तर एक शिकायला, एक बिघडायला, एक द्यायला. पुरुषी रुमाल १६ ते १८ इंचांचा असतो हे मला माहीत आहे. तरी मी १४ च सांगते. १८ इंचाला ७२ इंच कड होते, १४ ला ५६. तो फरक नवख्या हाताला सव्वा तासाचा पडतो, आणि थकलेल्या हाताची कड शेवटच्या बाजूला लगेच कळते.

कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. नव्या मलमलीत खळ असते, सकाळी पाणी गढूळ दिसेल. खळही जाते आणि जे आटायचं ते आटून घेतं. न भिजवता शिवलात तर पहिल्या धुण्यात कापड आटतं, आतल्या दोऱ्याची लांबी तेवढीच राहते, आणि कड लाटा मारायला लागते. ओलसर असतानाच इस्त्री.

कापताना पट्टी-पेन्सिल घेऊ नका. किनारीला कात्रीची छोटी खाच द्या, तिथला एक धागा सुईच्या टोकाने उचला, चिमटीत धरून हळू ओढा. कापड त्या धाग्यावर गोळा होत जातं, चुण्या पुढे पुढे सारत न्या. मलमलीचा धागा मधेच तुटतो. तुटला तर जिथे तुटला तिथून शेजारचा उचला. धागा निघालेल्या जागी केसाएवढी रेघ दिसते, तिच्यावरून कात्री चालवायची. चारही बाजू अशाच. एवढा उपद्व्याप कशाला, असं दर वेळी विचारलं जातं. कारण पट्टीने कापलेला चौकोन ताण्या-बाण्याला तिरका गेला, तर दोन धुण्यांत त्याचं शंकरपाळं होतं.

सुई ९ किंवा १० नंबरची. नंबर मोठा तितकी सुई बारीक. दोरा पांढरा सुती, किंवा भरतकामाच्या सहापदरी लडीतला एक पदर. लांबी एक हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. "सारखं ओवायला नको" म्हणून तीन हात घेणाऱ्या असतात. त्यांचा दोरा पीळ खातो, गाठ पडते, आणि ती सोडवताना कड मळते. हातभर दोऱ्यात फार तर तेरा इंच कड होते, म्हणजे चार-पाचदा ओवावंच लागेल.

आता वळणं. सुरुवात कोपऱ्यात करायची नाही, बाजूच्या मधोमध. कडेचा ३ मिलिमीटर भाग आपल्याकडे दुमडा आणि नखाने दाबा. इस्त्री नको, ती घडी चपटी करते आणि चपटी घडी मग वळत नाही. दोऱ्याची गाठ घडीच्या आत लपवा. सुई घडीच्या पोकळीतून ३ मिलिमीटर चालवून बाहेर काढा. तिच्या बरोबर समोर, कापलेल्या कडेला लागून खाली जे कापड आहे, त्याचा एक धागा उचला. एकच, फार तर दोन. तीन उचललेत तर सुलट बाजूला ठिपके दिसतात. परत घडीत शिरा, ३ मिलिमीटर पुढे निघा, परत खालचा एक धागा. असे सात-आठ टाके सैल घालायचे, ओढायचे नाहीत. ते लहान शिडीसारखे दिसतात. मग डाव्या चिमटीत कड धरून दोरा कडेच्याच दिशेने सावकाश ओढा. शिडीच्या पायऱ्या मिटतात, कापलेली कड आत वळते, आणि जिथे आत्तापर्यंत उसवलेले धागे लोंबत होते तिथे एकाएकी वात तयार होते. पहिल्यांदा जमलं की प्रत्येक जण "अरे!" म्हणतो. मीही अजून मनात म्हणते.

जास्त ओढलं तर चुणी. कमी ओढलं तर धागे डोकावतात. ३ च्या ऐवजी ६ मिलिमीटर दुमडलं तर वात होत नाही, नळी होते. इंचाला आठ टाके धरले तर चारी बाजू मिळून साडेचारशेच्या आसपास टाके होतात. नवख्याला चार तास. एका बैठकीत करू नका.

कोपरा आला की पहिली बाजू टोकापर्यंत पूर्ण वळून घ्या. मग टोकाचा दोन मिलिमीटर तुकडा तिरका छाटा, दुसरी बाजू त्याच्यावर दुमडा आणि तिथे दोन टाके ओढून पक्के करा. न छाटता पुढे गेलात तर कोपऱ्यावर वाटाण्याएवढी गाठ होते. जास्त छाटलंत तर कोपरा उसवतो, आणि त्याला उपाय नाही. तिसरा तुकडा त्यासाठीच आहे.

"ताई, कोपऱ्यावरच्या फॉल-पिकोवाल्याकडे पाच मिनिटांत पिको करून मिळतं." मिळतं. साडीला मीही करून घेते. पण पिकोची कड कडक असते, नाकाला टोचते, आणि मुख्य म्हणजे मग तुम्ही काय केलंत? कापड विकत आणलंत. तेवढंच करायचं असेल तर तीनचा बॉक्स बरा, निदान त्यात कुणी कुणाला फसवत नाही.

इथपर्यंत माझ्या सांगण्यात कधी फरक पडलेला नाही. फरक पडलाय तो पुढच्या गोष्टीत, अक्षरात.

आधी मी सगळ्यांना सांगत असे, कोपऱ्यात काहीतरी घाला. अक्षर, तारीख, छोटं फूल. नाहीतर रुमाल अगदीच मुका होतो. आणि लाल घाला, पांढऱ्यावर लालच खुलतो. हे मी ठामपणे सांगायचे, आणि त्याला कारणंही द्यायचे. हिमाचलातल्या चंब्याच्या रुमालांचं उदाहरण द्यायचे. लग्नात देवाणघेवाणीच्या ताटांवर झाकायचे ते रुमाल, दोरुखा टाक्याने भरलेले, दोन्ही बाजूंनी चित्र सारखंच. रुमालाला उलट बाजू नसते, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. ते खरंही आहे. मलमलीतून पाठीमागचं सगळं दिसतं. एका अक्षराकडून दुसऱ्याकडे दोरा पाठीमागून ओढत नेलात तर पुढून सावली पडते. म्हणून दुहेरी धावदोरा. जाताना एक टाका वर, एक खाली. परत येताना त्याच भोकांतून रिकाम्या जागा भरायच्या. दोन्हीकडे सारखी रेघ होते. इरकल साड्यांवरच्या कसुती भरतकामात गवंती म्हणतात तो हाच टाका, आणि तिथे गाठही मारत नाहीत. देवनागरीला हा टाका फार छान बसतो, शिरोरेघ एका दमात जाते.

तर एक मुलगा आला होता. नागपूरकडचा, नोकरीला इकडे. दोनच रविवार आला. ती शनिवारी रात्रीच्या गाडीने जाणार होती, दुसऱ्या शहरात, नोकरीसाठी. चार महिने, असं त्याने न विचारता सांगितलं. त्याचा हात चांगला होता. पहिला तुकडा सगळ्यांसारखाच झाला, एका कोपऱ्यावर वाटाणा, एक बाजू जराशी लाटांची. दुसऱ्याची कड अशी वळली की मी वर्गात फिरवून दाखवली. मग त्याने विचारलं, कोपऱ्यात काय घालू. मी म्हटलं, तारीख घाल. पहिल्यांदा भेटलात ती. लाल.

लाल दोरा त्याने बाजारातून आणला, सुट्ट्या रिळाचा, लेबल नसलेला. मी तो बघितला आणि "चालेल" म्हटलं. तारीख त्याने घरी भरली. सहा आकडे आणि मधल्या दोन रेघा, अर्धा इंच उंच, दुहेरी धावदोऱ्याने, पाठपोट एकसारखे.

शनिवारी दुपारी त्याने तो धुतला. धुणं भागच होतं. पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि हातात आठ दिवस फिरलेला पांढरा रुमाल करडा होतोच. गरम पाणी, धुण्याची पावडर. मग पिळला, चार घड्या घातल्या, पाणी शोषायला टॉवेलात गुंडाळला आणि जेवायला गेला. वीस-पंचवीस मिनिटं. उघडला तेव्हा तारखेभोवती गुलाबी धग पसरलेली होती, आणि घडीत जो भाग तारखेला टेकला होता तिथे तारीख उमटली होती. उलटी, आरशातल्यासारखी, गुलाबी.

इथपर्यंतही फार काही बिघडलं नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे हीच चूक करतात. रंग सुटलाय आणि कापड अजून ओलं आहे, तोवर तो रंग पाहुणा असतो. भरपूर गार पाणी घ्या, बादलीभर, वाटीभर नव्हे. थोडा साबण टाका, घडी न घालता रुमाल मोकळा पसरून बुडवा. पाणी गुलाबी झालं की बदला, परत बदला, पाणी स्वच्छ राहीपर्यंत. दोन तास लागतील, रात्र लागेल. वाळवायचं नाही. मीठ-व्हिनेगरचा उपयोग नाही, कितीही जणींनी सांगितलं तरी. कापड रंगवताना मीठ सुताला रंग धरायला मदत करतं. आधीच रंगवलेल्या दोऱ्यातला सैल रंग ते बांधून ठेवत नाही. व्हिनेगर लोकर-रेशमाच्या रंगांचं. आणि इस्त्री तर नाहीच.

त्याने इस्त्री केली. वाळला की फिकट दिसेल, असं त्याला वाटलं. उष्णतेने रंग बसला. मग ब्लीच. लाल तारीख नारिंगी झाली, गुलाबी डाग जराही हलला नाही, आणि मलमल तिथे झिरझिरीत वाटायला लागली. क्लोरीनचं ब्लीच सुताला खातं, मलमलीसारख्या पातळ सुताला तर लवकर. मग त्याने तारीख उसवली. उसवलेल्या जागी भोकं राहतात. ओलं करून नखाने आडवं-उभं खरवडलं की ती बुजतात, आणि तेवढं त्याने बरोबर केलं. पाच वाजता तो रुमाल घेऊन आला. खरी तारीख गेली होती. आरशातली राहिली होती, वाचता येईल इतकी.

"ताई, हा देऊ का?"

मी म्हटलं, चहात बुडव. दोन चमचे चहा पावडर लिटरभर पाण्यात उकळायची, गाळायची, वीस मिनिटं रुमाल हलवत ठेवायचा, गार पाण्यात खळबळायचा. बदामी रंग येतो, त्यात गुलाबी पुष्कळसं विरतं. तासाभराचं काम, गाडी साडेनऊची. तो म्हणाला, "पांढरा म्हणून केला होता." मी म्हटलं, मग पहिला दे, सरावाचा. त्याला लाटा आहेत, वाटाणा आहे, पण स्वच्छ आहे. तो काहीच बोलला नाही. दोन्ही रुमाल घडी करून दोन खिशांत ठेवले आणि गेला.

कोणता दिला, दिला की नाही, हे मला माहीत नाही. तुम्ही सगळे हेच विचारता म्हणून आधीच सांगते.

दोऱ्याची परीक्षा पाच मिनिटांची असते. वीतभर लाल दोरा भिजवायचा, पांढऱ्या सुती चिंधीच्या घडीत ठेवायचा, वरून कडक इस्त्री दाबायची. चिंधी गुलाबी झाली तर दोरा परत रिळावर. ही परीक्षा मला येत होती. मी ती त्याला सांगितली नाही, कारण लाल खुलतो हे सांगण्यात मी रमले होते.

त्या दिवसापासून मी तारीख सांगत नाही. रंगाचं कारण सोयीचं आहे, वर्गात तेच देते. खरं कारण वेगळं आहे. तारीख घातली की रुमालाचा दस्तऐवज होतो. तो हरवायचा परवाना, जो मी वर एवढ्या कौतुकाने सांगितला, तारीख काढून घेते. नाक पुसायच्या वस्तूवर पहिल्या भेटीचा दिवस कुणी लिहितं का? मीच लिहायला सांगत होते.

पण यावर वर्गातल्या एकीने मला गप्प केलं होतं. ती म्हणाली, "काहीच घातलं नाही तर तो रुमाल कुणाचाही. माझा कसा?" मी म्हटलं, कड आहे ना. ती म्हणाली, "ती कड तुम्हाला दिसते. त्याला दिसणार आहे का?" याचं चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. चार तास वळलेली कड समोरच्याच्या लक्षातही न येणं अगदी शक्य आहे. मग आपण केलेलं कुणासाठी केलं? त्यानंतर मी मधलाच मार्ग सांगते, पांढऱ्यावर पांढरं. एक अक्षर, अर्धा इंच, दुहेरी धावदोरा, दोन पदर. उजेडासमोर धरलं तर दिसतं, रंग सुटायचा प्रश्न नाही. अक्षर कुणाचं, देणाऱ्याचं की घेणाऱ्याचं? पूर्वी घेणाऱ्याचं म्हणायचे. आता म्हणते, तुमचं तुम्ही ठरवा. यात पळवाट आहे, मला कळतं.

खुणांसाठी साधी पेन्सिल, हलक्या हाताने. पाण्याने जाणारी निळी पेनं मिळतात. त्यांची खूण धुण्याआधी इस्त्रीखाली आली तर कायमची बसते. इस्त्रीने नाहीशी होणारी पेनंही आहेत, पण कडाक्याच्या थंडीत ती रेघ परत उमटते. जाणारा माणूस बर्फाच्या देशात जात असेल तर हे आधी विचारात घ्या.

शेवटची इस्त्री पालथ्या बाजूने करा, खाली टर्किश टॉवेल घालून, म्हणजे अक्षर दबत नाही. वातीवरून इस्त्री न्यायची नाही, चपटी होते, कडेच्या आतपर्यंतच. खळ घालू नका, दिसायला छान पण कसर लागते. अत्तर नको, डाग पडतो, आणि वासाची आठवण फार दिवस टिकते. ती तुम्हाला खरंच हवी आहे का ते बघा. प्लास्टिकची पिशवी नको. वर्तमानपत्र अजिबात नको, शाई लागते. साधा पांढरा कागद, दोऱ्याने एक फेर. चिठ्ठी घालायची असेल तर एक ओळ. दोन ओळी झाल्या की तिसरी येते, आणि तिसऱ्या ओळीत लोक प्रश्न विचारतात.

गाडी सुटताना देऊ नका. घेणाऱ्याचे दोन्ही हात सामानाने भरलेले असतात, तो कुठेतरी कोंबतो, आणि तुम्ही ते कोंबणं बघत राहता. आदल्या दिवशी, चहाच्या टेबलावर द्या, कागद उघडून बघायला वेळ असेल असं. आणि समोरच्याने हसत हसत रुपया काढून पुढे केला तर नको-नको करत बसू नका. घ्या. घरात शिकलेली पद्धत आहे त्याची. तुम्हाला नसेल पटत, त्याला पटत असेल.

तिसऱ्या तुकड्याचं काय करायचं, हेही विचारतात. बहुतेकांचा तो न वळलेलाच राहतो, खणात. चष्मा पुसायला मलमल उत्तम, काचेला ओरखडे पडत नाहीत. फक्त कड आधी वळून घ्या, नाहीतर दोन धुण्यांत धागे सुटून काचेवर लोंबायला लागतील.